बेसिनचं पाणी जातं, पण हवा कुठून येते? गोव्यातल्या घरासाठी ड्रेन आणि व्हेंटचं नियोजन

बेसिन निवडायला आपण दुकानामागून दुकान पालथं घालतो. नळ, आरसा, टाइलची शेड, सगळ्यावर घरात वाद होतात. बेसिनखालच्या पाईपचा निर्णय मात्र प्लंबर आणि गवंडी चहा पिता पिता घेऊन टाकतात. ‘हो जाएगा’ म्हणतात, आणि होतंही. पाणी जातं. मग काही महिन्यांनी बेसिन रिकामं होताना शेवटी गुडगुड असा आवाज यायला लागतो, सकाळी बाथरूमचं दार उघडलं की वास येतो, रात्री झुरळं निघतात. तोवर टाइल लागलेल्या असतात आणि कोणालाच भिंत फोडायची नसते.

हा लेख नवीन घर बांधणाऱ्यांसाठी आहे, आणि वडिलोपार्जित घराच्या मागच्या न्हाणीची बाथरूम करायला निघालेल्यांसाठीही. आमच्या फोंड्याकडच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरात हे काम करून घेताना जे कळलं, ते क्रमाने लिहितो. पाईप तुम्ही स्वतः जोडायची गरज नाही. पण प्लंबर यायच्या आधी हातात एक रेखाटन असलं की बोलणं वेगळंच होतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाईपच्या वळणाच्या भागात, थोडं पाणी कायम अडून राहतं. गटारातली हवा आणि तुमची बाथरूम यांच्यामध्ये एवढाच पडदा असतो. त्याला वॉटर सील म्हणतात आणि तो निदान ५० मिमी खोल असावा लागतो. भरलेलं बेसिन एकदम सोडलं की पाणी अरुंद पाईपभर होऊन धावतं आणि मागची हवा ओढत नेतं. पाईपला दुसरीकडून हवा मिळाली नाही, तर बॅरलमधून नळीने रॉकेल काढावं तसं ते ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. गुडगुड ऐकू येते ती हीच. सील गेला, वास आला. दुसराही प्रकार असतो: वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली की ते पाणी खाली येताना तुमच्या जोडणीवरून जातं आणि तुमचा ट्रॅप कोरडा करून जातं. व्हेंट म्हणजे या पाईपला हवा पुरवणारी वाट.

१. आधी अंगणात जा

नियोजनाची सुरुवात बेसिनपासून करू नका. पाणी शेवटी कुठे पडणार तिथून उलटं मागे या.

पणजी, मडगाव आणि वास्कोच्या काही भागांत मलनिस्सारण वाहिनी आहे. टोंक, शिरवडे आणि बायणा इथे त्यांची प्रक्रिया केंद्रं आहेत. तुमच्या रस्त्यावर ती वाहिनी असेल तर बेसिन आणि आंघोळीचं पाणी गली ट्रॅपमधून (घराबाहेर जमिनीत बसवलेला जाळीचा ट्रॅप) चेंबरला (झाकण उघडून तपासता येणारी छोटी टाकी) आणि तिथून वाहिनीला जाईल. कौलांवरचं पावसाचं पाणी मात्र या वाहिनीला चुकूनही जोडू नका. जून-जुलैत तेच पाणी चेंबरमधून वर येतं.

बाकी गोव्यात बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि सोक पिट, म्हणजे पाणी जिरवायचा खड्डा. इथे माझं स्पष्ट मत आहे: बेसिन आणि आंघोळीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये. टँकमध्ये मैला स्थिरावायला वेळ लागतो. त्यात रोज बादल्यांनी पाणी ओतलं तर गाळ स्थिरावण्याआधीच पुढे सोक पिटमध्ये ढकलला जातो आणि सोक पिट वेळेआधी तुंबतो. साबणाच्या पाण्यासाठी गली ट्रॅप, एक छोटं चेंबर आणि वेगळा सोक पिट ठेवा. आमच्याकडे पूर्वी न्हाणीचं पाणी सरळ माडाच्या किंवा केळीच्या बुडाशी सोडत. ते वाईट नव्हतं, पण पाणी साचून राहिलं की डासांची पैदास होते. आळं उघडं ठेवायचं असेल तर पाणी जिरतंय ना, एवढं पाहत राहायला हवं.

विहीर असेल तर टेप घेऊन अंतर मोजा. गोव्यात बांधकामाच्या परवान्यात सहसा अट असते की सोक पिट कुठल्याही विहिरीपासून १५ मीटरच्या आत नको. ‘कुठल्याही’ म्हणजे शेजाऱ्याची विहीरही आली. गावातल्या लांबट, चिंचोळ्या भाटांत ही अटच बेसिन कुठे बसेल ते ठरवते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सोक पिट एकाच कोपऱ्यात बसत असेल, तर बाथरूमही त्या बाजूला घेतलेली बरी.

खाजनाच्या काठची किंवा सखल जागा असेल तर पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती वर येतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. विहीर काठोकाठ भरत असेल तर खोल सोक पिट ऑगस्टमध्ये पाणी पिणार नाही, उलट देईल. अशा ठिकाणी खड्डा उथळ आणि पसरट घ्यावा. जागेत उंचवटा असेल तर खड्डा तिथेच.

गली ट्रॅपची जाळी अंगणाच्या पातळीपेक्षा चार-सहा इंच वर राहील असा कठडा बांधून घ्या. गोव्याच्या पावसात अंगण म्हणजे ओढा असतो. जाळी जमिनीलगत असेल तर चेंबरमध्ये आधी पाऊस जातो आणि तुमच्या बेसिनचं पाणी वाट बघत बसतं.

२. कागदपत्रं आणि परवानगी

आतल्या आत बेसिन बदलायचं असेल तर फारसा प्रश्न येत नाही. नवीन सोक पिट खणायचा, बाहेरची भिंत फोडायची किंवा मागे खोली वाढवायची असेल, तर आधी पंचायतीत किंवा पालिकेत विचारा. सोबत हे ठेवा:

- घरपट्टीची चालू वर्षाची पावती
- जमिनीचा एक-चौदाचा उतारा, शहर भागात फॉर्म डी
- सर्व्हे प्लॅनची प्रत. त्यावर विहीर आणि सेप्टिक टँक पेन्सिलीने दाखवलेले
- वडिलोपार्जित घर असेल तर सहमालकांची ना-हरकत
- फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्र

सहमालकांचं हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे एका घराच्या कागदावर मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेली भावंडं असतात, आणि खड्डा खणायला घेतला की सगळ्यांना घर आठवतं. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर असेल तर भिंतीबाहेरची जागा भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, असू शकते. सोक पिटआधी त्यांच्याशी बोलणं करून घ्या. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा भरतीचं पाणी चढणाऱ्या नदीच्या काठी घर असेल, तर किनारी नियमनाचे नियम लागू होतात. तिथे विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

३. तुमचं घर कुठल्या प्रकारात बसतं ते ओळखा

व्हेंट लागणार की नाही, हे याच पायरीवर ठरतं. सगळ्यांना लागत नाही.

*पहिला प्रकार: तळमजला, बेसिन बाहेरच्या भिंतीवर, गली ट्रॅप भिंतीपलीकडे.* सगळ्यांत सोपा. ट्रॅपमधून निघालेला पाईप भिंतीतून आरपार जातो आणि गली ट्रॅपच्या जाळीखाली, पण पाण्याच्या वर, मोकळा सुटतो. पाईपचं दुसरं टोक हवेला उघडं आहे आणि लांबी हातभर आहे. वेगळा व्हेंट लागत नाही. गावच्या घरात जमत असेल तर बेसिनची जागा दोन फूट इकडेतिकडे करा, पण हाच प्रकार साधा.

*दुसरा प्रकार: बेसिनचं पाणी बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला.* आपल्याकडे सर्रास हेच करतात. त्याला एक चांगली बाजू आहे: बेसिनच्या पाण्याने नहाणी ट्रॅप रोज भरला जातो, तो सुकत नाही. पण त्यात एक खोच आहे. बेसिनखाली बॉटल ट्रॅप (बाटलीच्या आकाराचा ट्रॅप) आणि पुढे नहाणी ट्रॅप, असे दोन सील एका रांगेत आले की मधल्या पाईपातली हवा कोंडते. नहाणीची जाळी उघडी असेल तर ती हवा जाळीतून ये-जा करते आणि काही बिघडत नाही. पुढे मात्र घरातलं कोणीतरी झुरळांना वैतागून त्या जाळीवर रबरी झाकण किंवा झडपेची जाळी बसवतं. त्या दिवसापासून बेसिन हळू रिकामं होतं आणि ढेकरा देतं. प्लंबर येऊन बॉटल ट्रॅप साफ करून पैसे घेऊन जातो. दोष जाळीत असतो.

यावर काही जण बॉटल ट्रॅपच काढून टाकायला सांगतात. मला ते पटत नाही. मधल्या पाईपात साबणाचा, टूथपेस्टचा बुळबुळीत थर बसतो आणि त्याचा वास बेसिनच्या भोकातून थेट तोंडावर येतो. बॉटल ट्रॅप ठेवा, मधला पाईप आखूड ठेवा आणि नहाणीची जाळी उघडी राहू द्या. नहाणी ट्रॅप घेताना त्यात पाणी ओतून खोली मोजा. स्वस्तातले उथळ ट्रॅप असतात, त्यांचा सील उन्हाळ्यात पटकन उडतो. ५० मिमीपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. आणि वॉशिंग मशीनचा पाईप त्याच ट्रॅपला जोडला तर फेस जाळीतून बाथरूमभर होतो, हेही लक्षात असू द्या.

*तिसरा प्रकार: वरचा मजला किंवा फ्लॅट, बेसिन उभ्या पाईपला, म्हणजे स्टॅकला जोडायचं.* इथे व्हेंटचा विचार टाळता येत नाही. स्टॅक स्वतःच त्याच जाडीचा गच्चीवर नेऊन उघडा ठेवला, तर तोच व्हेंटचं काम करतो. पण बेसिन त्याच्या जवळ हवं. ब्रिटिश पद्धतीत व्हेंटशिवाय ३२ मिमी पाईप १.७ मीटरपर्यंत आणि ४० मिमी पाईप ३ मीटरपर्यंत चालतो. त्यापुढे वेगळा व्हेंट. अमेरिकेतल्या एका प्रचलित संहितेत याहून कडक मर्यादा आहे: दीड इंची पाईपला ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत ४२ इंच. आकडे वेगळे आहेत कारण त्यांच्या जोडणीच्या पद्धती वेगळ्या. मी कडक आकडा धरायला सांगेन, कारण पाईप आखूड ठेवायला जादा खर्च येत नाही.

तिसऱ्या प्रकारात आणखी दोन गोष्टी. कमोडची जोडणी आणि बेसिनची जोडणी स्टॅकवर समोरासमोर नको. बेसिनची जोडणी कमोडच्या जोडणीच्या वर घ्या, किंवा खाली घ्यायचीच तर निदान २०० मिमी खाली. नाहीतर फ्लशचं पाणी बेसिनच्या पाईपात घुसतं. आणि तळमजल्याचं बेसिन वरून येणाऱ्या स्टॅकच्या बुडाशी जोडू नका. वरून पडणारं पाणी तिथे वळताना हवा दाबतं, आणि ती हवा तुमच्या ट्रॅपमधलं पाणी उलट बेसिनमध्ये उडवते. तळमजल्याचा पाईप वेगळा काढून थेट चेंबरला न्या.

४. कागदावर मापं टाका

ग्राफचा कागद घ्या. बाजूने दिसणारं चित्र काढा: भिंत, बेसिन, ट्रॅप, पाईप, चेंबर. ही मापं साधारण चालतात:

- बेसिनची वरची कड तयार फरशीपासून ८०० ते ८५० मिमी. काउंटरवर ठेवायचं बेसिन असेल तर त्यातून बेसिनची उंची वजा करून काउंटरची उंची काढा. हे विसरलं की बेसिन छातीशी येतं.
- भिंतीतलं वेस्टचं भोक तयार फरशीपासून ५०० ते ५५० मिमी. पण बेसिन आणि बॉटल ट्रॅप आधी विकत आणा, मग भोक ठरवा. प्रत्येक कंपनीचा ट्रॅप वेगळ्या उंचीचा.
- पाणी देणारे अँगल कॉक भोकाच्या दोन्ही बाजूंना, थोडे वर.

‘तयार फरशी’ म्हणजे टाइल बसल्यावरची. भरणी, उतार आणि टाइल मिळून जाडी वाढते. गवंड्याला भिंतीवर एक मीटरची आडवी रेघ मारायला सांगा आणि सगळी मापं त्या रेघेवरून घ्या. रेघ मारायला पाण्याची पारदर्शक नळी पुरते.

आता उतार. आडव्या पाईपला १:४० चा उतार द्या, म्हणजे मीटरला २५ मिमी. फूट-इंचात सांगायचं तर फुटाला पाव इंच, हे त्याच्या जवळपास जातं. कमी दिला तर गाळ बसतो. जास्त दिला तर पाणी चांगलं पळेल असं वाटतं, आणि फसगत तिथेच होते.

ट्रॅपमधून पाणी बाहेर पडतं ती कड आणि व्हेंटचं तोंड, या दोघांच्या पातळीतला फरक पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा जास्त नको. पाईप त्याहून जास्त खाली उतरला तर व्हेंटचं तोंड पाण्याखाली जातं, हवा ट्रॅपपर्यंत पोचत नाही आणि सायफन सुरू होतो. १:४० उतारावर ४० मिमी पाईप १.६ मीटरनंतर ४० मिमी उतरतो. पण आपल्याकडच्या या पाईपांचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, आतला व्यास कमी भरतो. म्हणून ४० च्या पाईपला सव्वा मीटरच्या आत व्हेंट आला पाहिजे असं धरा. अमेरिकी ४२ इंच म्हणजे साधारण १.०७ मीटर. तेवढ्यात बसलं तर प्रश्नच मिटला.

याच हिशेबाने ट्रॅपनंतर लगेच सरळ खाली जाणारा पाईप वाईट. आपल्याकडे तो रोज दिसतो: बेसिनला नागासारखा वळणारा प्लास्टिकचा वेस्ट पाईप लावतात, त्याला हाताने एक वळसा देतात आणि टोक फरशीतल्या भोकात खुपसतात. वळसा म्हणजे ट्रॅप झाला, असं समजायचं. त्याच्या चुण्यांत मळ बसतो, वळसा सैल पडतो, आणि फरशीतल्या भोकाभोवतीच्या फटीतून झुरळांना हमरस्ता मिळतो. तात्पुरत्या कामाला ठीक. नवीन बाथरूममध्ये पाणी भिंतीतच न्या.

५. व्हेंटची वाट ठरवा

व्हेंट बेसिनच्या मागेच, भिंतीत, टी लावून सरळ वर काढणं सगळ्यांत चांगलं. टीचं खालचं तोंड ड्रेन, मधलं ट्रॅपकडे, वरचं व्हेंट. व्हेंट आडवा वळवायचाच असेल तर बेसिनच्या वरच्या कडेपेक्षा निदान सहा इंच वर गेल्यावर वळवा. त्याखाली वळवला तर ड्रेन तुंबल्यावर घाण पाणी व्हेंटमध्ये शिरतं, तिथे गाळ वाळतो आणि व्हेंट कायमचा बंद होतो. आडव्या व्हेंटलाही ड्रेनकडे थोडा उतार हवा, म्हणजे आत जमलेला ओलावा परत खाली जातो. माप ४० किंवा ५० मिमी पुरतं. ३२ च्या खाली जाऊ नका.

सपाट गच्चीवर व्हेंट नेणं सोपं. कौलारू घरात डोकं लढवावं लागतं. मंगळुरी कौलातून पाईप वर काढला की पहिल्या पावसात तिथून गळतं, आणि गळती कौलात आहे की पाईपच्या सांध्यात हे दोन पावसाळे कळत नाही. व्हेंट बाहेरच्या भिंतीने न्या. आपल्याकडे पागोळ्या दोन-तीन फूट पुढे आलेल्या असतात, त्यामुळे पाईपला ४५ अंशांची दोन बेंड लावून बाहेर काढावं लागतं. घराच्या त्रिकोणी भिंतीच्या बाजूला छप्पर कमी पुढे येतं. बाथरूम त्या बाजूला असेल तर काम हलकं होतं.

वरचं तोंड छपराच्या वर हवं. दहा फुटांच्या आत खिडकी असेल तर तिच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन फूट वर. तोंडावर काऊल, म्हणजे पाईपची टोपी, आणि त्याखाली नायलॉनची जाळी, डासांसाठी. क्लॅम्प दर चार-पाच फुटांना आणि दणकट. डिचोली-सत्तरीकडे माकडं छपरावरून उतरायला पाईपच वापरतात, तिथे आणखी एक जास्त लावा. उन्हात यूपीव्हीसी ठिसूळ होतो, म्हणून बाहेरच्या पाईपला रंग द्या.

छपरापर्यंत जाणं शक्यच नसेल तर हवा फक्त आत घेणारी झडप मिळते. पाईपात ओढ निर्माण झाली की ती उघडते, एरवी बंद. ती ट्रॅपच्या आडव्या पाईपपेक्षा निदान चार इंच वर आणि हात पोचेल अशा जागी बसवावी लागते. भिंतीत गाडली तर बिघडल्यावर भिंत फोडा. ती आत हवा घेते, पण पाईपातला दाब बाहेर सोडत नाही. म्हणून घरात निदान एक तरी उघडा व्हेंट हवाच.

६. सामान आणताना

- ड्रेनसाठी यूपीव्हीसी एसडब्ल्यूआर पाईप, आयएस १३५९२ चा शिक्का असलेला. टाइप बी सांडपाण्यासाठी, टाइप ए व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी. दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणेल. पाईपवरची अक्षरं वाचा.
- भिंतीतला पाईप ४० किंवा ५० मिमी. मी ५० घ्यायला सांगतो. बेसिनचं भोक ३२ चं असलं तरी पुढचा पाईप रुंद असला की तो पाण्याने पूर्ण भरत नाही, वरच्या भागातून हवा खेळती राहते. रुंदीकडून अरुंदीकडे मात्र कधीच जाऊ नका.
- बेंड, टी, वाय, रिड्यूसर, कपलर, एंड कॅप. निदान एक डोअर बेंड किंवा डोअर टी, साफ करायला.
- सॉल्व्हंट सिमेंट, किंवा रबर रिंगचे सांधे असतील तर वंगण.
- बॉटल ट्रॅप आणि वेस्ट कपलिंग.
- टेप, स्पिरिट लेव्हल, पाण्याची नळी, करवत, कानस, मार्कर, टॉर्च.

४० आणि ५० मिमीत दुकानात बहुतेक वेळा नळाच्या पाण्याचे प्रेशर फिटिंग पुढे करतात. त्यांचा एल्बो काटकोनात तुटक वळतो. नळाच्या पाण्याला दाब असतो, त्याला फरक पडत नाही. सांडपाणी तिथे अडतं. लांब वळणाचं बेंड मागा. नाही मिळालं तर ४५ अंशांची दोन जोडून घ्या.

वेस्ट कपलिंगमध्ये हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड असे दोन प्रकार. बेसिनला वर ओव्हरफ्लोचं भोक असेल तर हाफ थ्रेड, नसेल तर फुल थ्रेड. उलट घेतलं तर एकात ओव्हरफ्लोचं पाणी अडकतं, दुसऱ्यात खालून ठिबकतं.

किनाऱ्याजवळ घर असेल तर स्वस्तातल्या क्रोमच्या बॉटल ट्रॅपवर खाऱ्या हवेने लवकरच डाग आणि खड्डे पडतात. कपाटाच्या आत झाकला जाणार असेल तर साधा प्लास्टिकचा घ्या.

७. चिऱ्याची भिंत

चिरा वरून कठीण दिसतो, पण छिन्नी लागली की कडेने भुगा होतो. उभी खाच चालते. आडवी लांब खाच भिंतीला कमजोर करते, आणि जुन्या मातीच्या सांध्यांच्या भिंतीत तर अजिबात नको. आडवा पाईप फरशीच्या भरणीतून किंवा भिंतीबाहेरून न्या. ग्राइंडरने आधी दोन्ही कडा कापून घेतल्या तर खाच स्वच्छ निघते; धूळ इतकी उडते की शेजारच्या खोलीतलं सामान आधी झाका.

भिंतीतून आरपार जाणाऱ्या पाईपभोवती मोठ्या पाईपचा तुकडा घाला आणि त्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. नाहीतर पश्चिमेचा पाऊस त्या फटीतून आत येतो आणि प्लास्टरवर ओल चढते. खाच बुजवण्यापूर्वी टेप भिंतीला लावून फोटो काढा. पुढे आरसा किंवा कपाट लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्यावरून कळतं.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीनंतर सुरू करा. चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात कुठलाही गवंडी सापडत नाही, आणि सापडला तर घाईत असतो.

८. प्लास्टरच्या आधी तपासणी

हा टप्पा सोडून देऊ नका. प्लंबरला पैशांचा शेवटचा हप्ता यानंतरच द्या, आणि हे आधीच सांगून ठेवा.

पाईपचं खालचं टोक प्लगने बंद करा. वरून बेसिनच्या कडेपर्यंत पाणी भरा, पातळीवर मार्करने खूण करा आणि निदान १५ मिनिटं थांबा. खूण हलली नाही तर ठीक. हलली तर प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा. कुठे ओला होतो ते लगेच दिसतं. सॉल्व्हंट सिमेंटचे सांधे सुकायला वेळ दिल्याशिवाय ही तपासणी करू नका.

बेसिन बसल्यावर दुसरी तपासणी. बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरा, प्लग ओढा आणि शांत उभं राहून शेवटचा घोट ऐका. पाणी संपताना हलका फुर्र असा आवाज चालतो. लांब गुडगुड झाली तर ट्रॅपचा खालचा वाटीसारखा भाग बादली धरून उघडा आणि आत किती पाणी उरलंय ते पाहा. सील २५ मिमीच्या खाली गेला असेल तर हवा कमी पडतेय. तिसऱ्या प्रकारच्या घरात वरच्या मजल्यावरून कोणाला तरी एकाच वेळी फ्लश करायला आणि बादली ओतायला सांगा, आणि पुन्हा तेच पाहा.

९. पहिल्या वर्षात

जुलैत एकदा भर पावसात चेंबरचं झाकण उघडून बघा. पाणी पाईपच्या तोंडाच्या खाली आहे ना? वर आलं असेल तर सोक पिटला पाणी पेलत नाही, आणि अशा वेळी बेसिनखालचं काहीही बदलून उपयोग नाही.

घर बंद ठेवून महिनोन्‌महिने बाहेर जाणाऱ्यांनी निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये मगभर पाणी ओता आणि वर चमचाभर खोबरेल. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यातही सील सहजी उडत नाही. नहाणी ट्रॅपलाही तेच करा. बेसिन आठवतं, नहाणी विसरली जाते. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत निघत असाल तर शेंगदाण्याचं तेल घाला.

आणि आत्ताच जुन्या बेसिनची गुडगुड ऐकून हा लेख वाचत असाल, तर भिंत फोडायच्या आधी या क्रमाने बघा: नहाणीच्या जाळीवर झाकण आहे का, बॉटल ट्रॅप केसांनी भरलाय का, गच्चीवरच्या व्हेंटच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का, आणि चेंबरमध्ये पाणी साचलंय का. हे चारही ठीक असतील तरच प्लंबरला फोन करा, आणि तो आला की ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचं अंतर त्याच्यासमोर टेपने मोजून दाखवा.